आंघोळीचं पाणी सगळ्यांचं

क्योतो, जानेवारी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, फोनवर तू दर वेळी विचारतेस, परक्या जपानी कुटुंबाच्या घरात (होमस्टे म्हणतात याला) राहून दिवसभर वागतेस तरी कशी. बाबा विचारत नाहीत, पण तुझ्या शेजारी बसून ऐकत असतात हे मला ठाऊक आहे. पाच-दहा मिनिटांत ते सांगून होत नाही, म्हणून आज सगळं नीट लिहिते. मावशीच्या नातीला शिकायला इकडे यायचं आहे ना, तिलाही हे पत्र वाचायला द्या.

जपानी घरात राहायचं तर एक गोष्ट आधी उमजावी लागते. आपल्यामागून त्याच पाण्याला, त्याच वस्तूला दुसऱ्या कुणाचा तरी हात लागणार आहे, हे धरून इथलं प्रत्येक काम चालतं. नियम तोंडाने फारसं कुणी सांगत नाही. चुकलं तरी घरची माणसं हसून गप्प बसतात आणि चूक महिनाभर तशीच चालू राहते. म्हणून पहिल्याच संध्याकाळी वही घेऊन बसावं आणि विचारून घ्यावं: आंघोळीचा नंबर कितवा, कपडे कोण धुतं आणि कोणत्या वारी, रात्री किती वाजल्यानंतर आवाज नको, जेवायला नसलं तर कधीपर्यंत कळवायचं.

दारातून आत आलं की गेनकान लागतं, म्हणजे घराच्या जमिनीपेक्षा एक पायरी खाली असलेली चौकोनी जागा. बूट तिथे काढायचे, पण मोज्यांनी खालच्या फरशीवर पाय टेकवायचा नाही. बुटातून निघालेला पाय थेट वरच्या लाकडावर. मग खाली वाकून बुटांची टोकं दाराकडे करून ठेवायची. आत सपाता घालायच्या आणि तातामीच्या खोलीपाशी त्याही काढायच्या, कारण तातामी लव्हाळ्याची विणलेली असते आणि सपातांनी तिचे धागे निघतात. संडासाच्या सपाता निराळ्या असतात आणि त्या तिथेच राहतात. त्याच पायात घेऊन स्वयंपाकघरात येणं ही नव्या मुलांची हमखास चूक. निघताना त्या पुढच्याला पाय घालता येईल अशा वळवून ठेवायची सवय लावली की ती चूक होत नाही.

आता आंघोळ. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथे चुकलं तर सगळ्या घराला भोगावं लागतं.

इथल्या न्हाणीघरात दोन भाग असतात: बसून अंग धुवायची जागा आणि खोल टब, म्हणजे ओफुरो. टबात गरम पाणी संध्याकाळी एकदाच भरतात आणि त्याच पाण्यात घरातले सगळे एकामागून एक बसतात. ते शेकायचं पाणी आहे, धुवायचं नाही. आधी बाहेर बुटक्या स्टुलावर बसून साबण लावायचा, डोकं धुवायचं, फेसाचा थेंब न ठेवता अंग स्वच्छ करायचं, केस वर बांधायचे आणि मगच टबात उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही. बाहेर आल्यावर टबावर झाकण घालायचं, नाहीतर पाणी निवतं आणि मागच्याला ते पुन्हा तापवावं लागतं, त्यात गॅस जळतो. आणि बुच कधीही काढायचं नाही! परदेशी मुलं आंघोळ झाली की सवयीने बुच ओढतात आणि ओतोसान, म्हणजे त्या घरचे बाबा, टॉवेल घेऊन रिकाम्या टबाशी उभे राहतात. पाणी सोडायचं की नाही, ते शेवटचा माणूस ठरवतो. पुष्कळ घरांत हेच पाणी दुसऱ्या दिवशी पंपाच्या नळीने धुण्याच्या यंत्रात घेतात. धुण्यापुरतं ते चालतं, शेवटचं खंगाळणं मात्र ताज्या पाण्याने. म्हणून टबात आंघोळीची सुगंधी पूड टाकण्याआधी विचारायचं; काही रंगीत पुडींचे डाग कपड्यांवर पडतात. न्हाणीघरातला माझा वेळ एकूण वीस-पंचवीस मिनिटांचा. निघताना भिंतींवर थंड पाणी मारून पंखा चालू ठेवायचा, तसं केलं तर बुरशी धरत नाही.

बाबा, यातलं एक तुमच्यासाठी. इथली घरं आतून थंड असतात. थंडगार खोलीत कपडे काढले की रक्तदाब चढतो आणि लगेच खूप गरम पाण्यात बसलं की तो झपकन उतरतो. वयस्कर माणसांना टबातच चक्कर येते आणि हिवाळ्यात त्यातून मृत्यूही होतात. म्हणून जपान सरकारचं ग्राहक खातं सांगतं, पाणी ४१ अंशांपेक्षा गरम नको आणि टबात १० मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. ओतोसान आंघोळीला गेले की ओकासान, म्हणजे घरची आई, बाहेरून एकदा तरी आवाज देतात. तुम्हीही सकाळच्या गारठ्यात कढत पाणी एकदम डोक्यावर घेऊ नका. आधी पायांवर, मग हातांवर, आणि दाराला आतून कडी नको.

जेवणाचं आई विचारणार, म्हणून सविस्तर. होमस्टेत बहुधा सकाळचं आणि रात्रीचं जेवण घरी असतं, दुपारचं विद्यापीठाच्या उपाहारगृहात. "मी शाकाहारी आहे" एवढं सांगून इथे भागत नाही. ऐकणारा त्यातून मांस नको एवढंच समजतो. मासळी चालते असं धरून चालतो. खरी अडचण दाशीची. दाशी म्हणजे रसाचं मूळ पाणी. ते बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं, म्हणजे वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसाचं असतं आणि ते मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या खारट गोळ्याच्या) सुपात, उकडलेल्या भाज्यांत, नूडल्सच्या रसात, ऑम्लेटमध्येसुद्धा जातं. दिसत नाही, म्हणून सांगायचं राहून जातं. त्यामुळे काय नको याची यादी जपानीत लिहून फ्रिजवर लावावी: मांस, मासा, माशाची दाशी, जिलेटिन, आणि अंडं खात नसाल तर अंडं. करीच्या तयार वड्यांत बऱ्याचदा जनावराची चरबी असते आणि दाशी आधीच मिसळलेला मिसोही दुकानात मिळतो, तेव्हा पाकीट वाचायला शिकणं भाग आहे.

उपाय सोपा आहे: कोंबू, वाळवलेलं समुद्री शेवाळ. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम कोंबू. तो फक्त पुसून घ्यायचा, धुवायचा नाही, वरची पांढरी पूड म्हणजेच चव. निदान अर्धा तास भिजवायचा, रात्रभर ठेवला तर आणखी छान. मग मंद आचेवर तापवायचं आणि उकळी फुटायच्या आत कोंबू बाहेर काढायचा; उकळला की पाणी बुळबुळीत आणि कडवट होतं. सुपात भाजी आणि तोफू शिजले की गॅस बंद करून माणशी साधारण एक मोठा चमचा मिसो गाळणीतून विरघळवायचा. मिसो घातल्यावर उकळलं की वास उडून जातो. ओकासान आता माझ्या निमित्ताने सगळ्यांचंच सूप कोंबूचं करतात.

भात मोजायचं माप 'गो', म्हणजे १८० मिलिलिटरची वाटी, दीडशे ग्रॅम तांदूळ. दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, अर्धा तास भिजवायचा, कुकरच्या आतल्या रेघेपर्यंत पाणी. वाटीत चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास द्यायचा नाही. दोन्ही गोष्टी अंत्यसंस्कारातल्या आहेत.

पोळ्यांचंही जमतं, पण शेगडी समजून घ्यावी लागते. २००८पासून विकल्या जाणाऱ्या घरगुती गॅसच्या शेगड्यांच्या बर्नरमध्ये मधोमध तापमान ओळखणारं बटण असतं. बूड अडीचशे अंशांच्या आसपास तापलं की आच आपोआप कमी होते किंवा विझते. आपल्याला वाटतं शेगडी बिघडली, पण ती कोरडा तवा बघून सावध झालेली असते. जास्त आचेचं वेगळं बटण बहुतेक शेगड्यांवर असतं. तवा ठेवण्याआधी ते दाबायचं. फोडणी करताना आधी एक्झॉस्ट पंखा लावायचा, मग तेल. कागदी सरकत्या दारांत वास शिरला की आठवडाभर जात नाही.

उरलेलं तेल सिंकमध्ये ओतायचं नाही. तेल घट्ट करणारी पूड मिळते, ती गरम तेलात ढवळली की गार झाल्यावर वडी निघते आणि ती जाळायच्या कचऱ्यात जाते. क्योतो शहर वापरलेलं तेल गोळाही करतं. १९९७मध्ये त्याचं इंधन करून कचऱ्याच्या गाड्या चालवायला सुरुवात झाली. आई, तुला हे आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

कचऱ्याचं काम घरात माझ्याकडे आहे. जाळायचा कचरा आठवड्यातून दोनदा, तोही पालिकेच्या पिवळ्या पिशवीतूनच. ४५ लिटरची पिशवी ४५ येनला, म्हणजे ओला कचरा निथळून आणि दाबून भरला की पैसे वाचतात. डबे, काचेच्या बाटल्या आणि पेट बाटल्या (पाण्या-सरबताच्या प्लास्टिकच्या बाटल्या) पारदर्शक पिशवीत, प्लास्टिक दुसऱ्या पारदर्शक पिशवीत. पेट बाटलीचं झाकण आणि लेबल काढून ते प्लास्टिकमध्ये, बाटली विसळून चेपून बाटल्यांत. सगळं सकाळी आठच्या आत ठरलेल्या कोपऱ्यावर ठेवायचं आणि वर जाळी ओढायची, नाहीतर कावळे पिशवी फाडतात. पिशवी चुकली तर त्यावर चिठ्ठी चिकटवून ती तिथेच सोडतात, आणि गल्लीला कळतं ती कोणत्या घरची.

झोपायला फुतोन, तातामीवर पसरायची गादी. रात्रीचा घाम खाली उतरतो, म्हणून उठल्या उठल्या घडी न घालता ती अर्धा तास उलटी ठेवायची आणि मग ओशिइरेत, म्हणजे कपाटात. ऊन असेल त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गॅलरीत, मध्ये एकदा उलटून, तीनच्या आत परत घरात. गादी दिवसभर पसरून ठेवली की तातामीला खालून बुरशी येते, जूनच्या पावसात तर दोन-चार दिवसांत. हिवाळ्यात घर सगळं गरम करत नाहीत, बसायची खोली तेवढी. रॉकेलचा स्टोव्ह असेल तर तासातून एक-दोनदा खिडकी उघडावीच लागते. कितीही थंडी असो, त्यात तडजोड नाही.

कागदपत्रांचं मावशीच्या नातीसाठी: कान्साई विमानतळावर रहिवासाचं कार्ड मिळतं. पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात नोंदवायचा, तो कार्डाच्या मागे छापून देतात, आणि कार्ड सतत जवळ ठेवायचं. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विमा करून घ्यायचा. मग दवाखान्यात आपण खर्चाचे ३० टक्केच भरतो. वय २० पूर्ण असेल तर पेन्शन योजनेचं पत्रही येतं. ते बाजूला न टाकता विद्यार्थ्यांच्या सवलतीचा अर्ज भरायचा. नोकरीची परवानगी काढली तर आठवड्याला २८ तासच, विद्यापीठाच्या लांब सुट्टीत मात्र दिवसाला ८. सायकल घेतली की तिची पोलिसांकडची नोंदणी आणि विमा दोन्ही हवेत. छत्री धरून सायकल चालवायला बंदी आहे, आणि नोव्हेंबर २०२४पासून फोन हातात धरून चालवली तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंग किंवा एक लाख येनपर्यंत दंड.

भूकंपाचं लिहिल्यावाचून तुमची काळजी जाणार नाही. कपाटं भिंतीला ठोकलेली आहेत, बूट आणि टॉर्च माझ्या उशाशी असतात, आणि जमायचं ठिकाण म्हणजे जवळची प्राथमिक शाळा आम्ही तिघांनी ठरवून ठेवली आहे. जोराचा हादरा बसला की गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. नंतर बटण दाबून तीन मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. मोठ्या भूकंपानंतर फोनच्या लाइनी मुद्दाम आखडतात, म्हणून फोन लागला नाही तर पुन्हा पुन्हा लावू नका. मी आधी मेसेज टाकीन, तो बहुधा पोचतो.

पार्सलमध्ये गोडा मसाला आणि मेतकूट चालेल. आंबे, ताजा कढीपत्ता, कच्च्या डाळी आणि बियाणं नको. रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला नसेल तर कस्टम ते अडवतं. सर्दीची गोळी पाठवण्याआधी पाकीट वाचा: स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेल्या गोळ्यांना इथे बंदी आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीची औषधं फक्त एका महिन्यापुरती.

फोन रविवारी तुमच्या संध्याकाळी साडेपाचला करते. इथे तेव्हा नऊ वाजलेले असतात. त्यानंतर पातळ भिंतीपलीकडे ओतोसान झोपतात. आई, ओकासानना फोडणी बघायची आहे. मोहरी तडतडायला लागली की आच कधी कमी करायची ते तू कॅमेऱ्यावर दाखव, मी शेगडीचं जास्त आचेचं बटण आधीच दाबून ठेवीन.

तुमची लेक