सुन्या, ते तेल आधी बंद कर

सुन्या,

तुझा मेसेज वाचला आन डोकंच फिरलं. सोरायसिसच्या चट्ट्यांवर बावचीच्या बियांचं तेल लावून भर दुपारी गच्चीवर बसायला कोणी सांगितलं रे तुला? आन तेबी आपल्याकडच्या एप्रिलात! बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतंय, त्यानं कातडी उन्हाला लई नाजूक होते, फोड येणारच की. वरून सोरायसिसमध्ये जिथं भाजलं-खरचटलं तिथंच नवीन चट्टा उठू शकतो, म्हणजे कोपरावरचं जाईना आन पाठीवर नवीन.

तू म्हणायलास रानात दिवसभर उन्हातच असतो, मग पैसे देऊन दवाखान्यातल्या मशीनचा लाईट कशाला घ्यायचा. आमची आई बी हेच म्हणते. अरे पण उन्हात सगळंच मिसळलेलं असतंय, मोजणार कोण? मशीनच्या नळ्या 311 नॅनोमीटरच्या आसपासचीच यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांचा एक प्रकार, तेवढीच सोडतात, नॅरोबँड म्हणतात तिला, चट्ट्यातल्या उगं खवळलेल्या पेशी तिनं थंड पडतात आन कातडीची ती भराभर वाढ कमी होते. डेन्मार्कच्या नील्स फिन्सनला 1903 ला नोबेल मिळालं ते उजेडानं कातडीचा क्षय बरा केला म्हणूनच, तवा हे काय कालचं खूळ नाही.

मी लातूरला जातो तिथं उभं कपाट हाय, आत चहूबाजूनं नळ्या, जांभळट उजेड, वर पंखा घुरघुरतोय. डोळ्याला काळा गॉगल, खाली चड्डी ठेवूनच उभं राहायचं. सुरुवातीला तर नीट उभं राहीपर्यंत टाइम संपतो. सिस्टर दर वेळी आधी विचारतात, मागच्या खेपेला लाल झालं का, आग झाली का. झालं असलं तर थांबवतात नाहीतर उजेडाचा टाइम जरासा वाढवतात. सगळी कला ह्या वाढवण्यातच हाय.

आठवड्यातून दोन-तीनदा, काही महिने. खरा वैताग यष्टीचा. आन कायमचा जातो असं कोणी छातीठोक सांगितलं तर तिथून उठ, चट्टे साफ होतात पण परत येऊ शकतात.

आधी फोड डॉक्टरला दाखव. चालू गोळ्यांची चिठ्ठी ने, काही औषधांनी कातडी उजेडात लवकर भाजते. लाईटच्या आधी सॅलिसिलिकचं मलम लावू नको, उजेड आत जात नाही. आन काकू तुझं ताट, टॉवेल वेगळं ठेवायल्यात म्हणलास ना? हा रोग लागत नसतो. तुला सांगायचं जमणार नाही, उद्या मीच फोन करतो त्यांना.

तुझा,
दिग्या