सेक्स्टंट घरीच राहिला

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

परवा निघण्याच्या घाईत तू ताऱ्यांवरून जहाजाची जागा काढायच्या सेक्स्टंटची पेटी बॅगेतून काढून चपलांच्या कपाटावर ठेवलीस आणि मी नको तितका आवाज चढवला. आपल्या घराण्यातून जहाज चालवायला ब्रिजवर उभी राहणारी तू पहिलीच मुलगी, आणि मी तुला असा निरोप दिला, याचे फार वाईट वाटते.

१ फेब्रुवारी १९९९ ला जहाजांवरची मोर्सची संदेशयंत्रणा संपली आणि माझ्यासारखे रेडिओ ऑफिसर किनाऱ्यावर आले. त्या खंतीतून मी हे लिहीत नाही. उपग्रहांच्या नव्या यंत्रणेने माणसे वाचवली आहेत. परंतु १९९५ च्या जूनमध्ये बर्म्युडाहून बोस्टनला निघालेल्या ‘रॉयल मॅजेस्टी’ या प्रवासी जहाजाच्या जीपीएस अँटेनाची केबल निसटली, यंत्र नुसत्या अंदाजाने जागा दाखवत राहिले आणि दीडेक दिवसाने ते जहाज मार्गापासून १७ मैलांवर वाळूत रुतले. शेजारचे लोरान, म्हणजे किनाऱ्यावरच्या रेडिओ संकेतांवर चालणारे यंत्र, खरी जागा दाखवत होते, पण तिकडे कोणी पाहिले नाही. आखातात तर हल्ली जीपीएसचे संकेत मुद्दाम बिघडवतात, हे तूच मला सांगितलेस, आणि तुला जहाज मिळाले तेही तिथल्याच फुजैरा बंदरातून.

पुन्हा व्याख्यान सुरू झाले, क्षमा कर. तुला आमच्या रेडिओ रूममधले घड्याळ आठवते का? त्यावर १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांचे भाग लाल असत. त्या तीन-तीन मिनिटांत ५०० किलोहर्ट्झवर सगळी जहाजे गप्प राहून फक्त ऐकत, न जाणो कुणा संकटातल्याची क्षीण हाक असेल. माझ्याकडून हे ऐकून तू चौथीत असताना स्वयंपाकघरातल्या घड्याळाच्या काचेवर स्केचपेनने लाल पट्टे ओढलेस, आणि तेवढा वेळ आजीलाही बोलू देत नसायचीस. ती काच तुझ्या आईने अजून पुसलेली नाही.

पडद्यावर विश्वास ठेव, पण पाळीत एकदा तरी बाहेर येऊन स्वतःच्या डोळ्यांनी पडताळून पाहा. इतकेच मला त्या दिवशी म्हणायचे होते. जहाजावर सेक्स्टंट असेलच, तो चीफ ऑफिसरकडून मागून घे. चार ते आठची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, मिळाली, तर पहाटे क्षितिज आणि तारे एकदम दिसतात तो थोडा वेळ दवडू नकोस. पहिली जागा काढलीस की, ती कितीही मैलांनी चुकली तरी, मला कळव.

तुझे बाबा