कुंदा, पेढा आणि कॅन्सस-मिझुरीचा सामना

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील विद्यापीठांच्या फुटबॉलमध्ये गेली काही वर्षे संघांची जी पळवापळवी चालली आहे, तिच्यावर बेळगावातून पत्र लिहिणे काहीसे विचित्र वाटेल, याची मला कल्पना आहे. तो खेळ आपला नाही; लंबगोल चेंडू काखेत मारून धावायचे आणि समोरच्याने झेप घेऊन पाडायचे, अशा खेळाला फुटबॉल का म्हणावे, हा प्रश्न लेले मैदानावर वाढलेल्या माणसाला पडतोच. परंतु मी येथील एका महाविद्यालयात सव्वीस वर्षे शारीरिक शिक्षण संचालक होतो आणि शेजारच्या दोन संघांमधला वर्षानुवर्षांचा सामना कसा बंद पडतो, हे मी जवळून पाहिले आहे. तिकडे जे अब्जावधी डॉलरच्या हिशेबात घडले, ते इकडे कागदावरच्या एका फेररचनेने घडले, एवढाच फरक.

६ सप्टेंबर २०२५ रोजी अनंत चतुर्दशी होती. मध्यरात्र उलटून गेली होती, मिरवणूक कपिलेश्वर तलावाच्या दिशेने पावलापावलाने सरकत होती आणि मी खडे बाजारातील एका बंद दुकानाच्या पायरीवर टेकलो होतो. तेवढ्यात भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तो कॅन्सस विद्यापीठात, लॉरेन्स या गावी शिकतो; त्या दिवशी मात्र तो शेजारच्या मिझुरी राज्यातील कोलंबिया येथे, प्रतिस्पर्ध्यांच्या स्टेडियममध्ये होता. तिकडे दुपारचे ऊन, निळ्या सदऱ्यांचा एक लहानसा पट्टा आणि त्याच्या चहूबाजूंनी काळ्या-सोनेरी रंगाची गर्दी. "मामा, चौदा वर्षांनी खेळताहेत!" एवढे त्याचे वाक्य ऐकू आले, पुढे त्याच्याकडचा बँड आणि आमच्याकडचा ढोल यांत काहीच कळेना. कॅन्ससने आरंभीच २१-६ अशी आघाडी घेतली होती, तरी शेवटी मिझुरीने ४२-३१ असा सामना जिंकला. भाच्याचा दुसऱ्या दिवशीचा निरोप वाचला, तेव्हा हरलेल्या माणसाचा आवाज त्यात नव्हता. "पुढच्या वेळी आमच्याकडे या म्हणावं," असे त्याने लिहिले होते.

या सामन्याला तिकडे पिढ्यान्‌पिढ्या 'बॉर्डर वॉर' म्हणत आले आहेत. सीमाभागातल्या माणसाचे कान हे नाव ऐकून टवकारले नाहीत तरच नवल. गुलामगिरी असावी की नसावी, यावरून १८५० च्या दशकात या दोन प्रदेशांच्या सीमेवर खरोखर रक्त सांडले होते आणि १८६३ मध्ये मिझुरीच्या बाजूने चालून आलेल्या क्वांट्रिलच्या टोळीने लॉरेन्स गाव जाळून सुमारे दीडशे माणसे मारली होती. कॅन्ससच्या संघाचे 'जेहॉक्स' हे नाव त्या काळातील गुलामगिरीविरोधी लढवय्यांवरून आले, तर मिझुरीचे 'टायगर्स' हे नाव कोलंबियाच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या नागरिकांच्या पथकावरून. लॉरेन्स जळाल्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी, १८९१ मध्ये, दोन्ही विद्यापीठांची मुले पहिल्यांदा मैदानावर समोरासमोर आली. कोण किती वेळा जिंकले, यावरही दोघांचे एकमत नाही. १९६० चा सामना कॅन्ससने मैदानावर जिंकला, पण एक खेळाडू अपात्र ठरल्याने तो विजय नंतर काढून घेण्यात आला आणि तेव्हापासून दोन्ही विद्यापीठांच्या वह्यांत बेरीज वेगवेगळी आहे. २००७ साली देशाच्या क्रमवारीत दुसऱ्या आणि तिसऱ्या स्थानावर असताना हे दोन संघ भिडले, तेव्हा ऐंशी हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते.

असा सामना २०११ नंतर बंद पडला. दोन्ही संघ 'बिग ट्वेल्व्ह' या एकाच साखळीत होते. तिकडे अशा साखळीला 'कॉन्फरन्स' म्हणतात. २०१२ मध्ये मिझुरीने ती सोडली आणि दक्षिणेकडील अधिक धनवान अशा साउथईस्टर्न कॉन्फरन्समध्ये प्रवेश केला. घर सोडून जाणाऱ्याशी सणासुदीची देवाणघेवाण का ठेवावी, अशा भावनेने कॅन्ससने खेळायला नकार दिला. रागाचा भाग त्यात होताच. पण केवळ रागाने सामने चौदा वर्षे बंद राहत नाहीत. यामागे वेळापत्रकाचे जे गणित आहे, ते समजून घेण्यासारखे आहे.

एका संघाला नियमित हंगामात बारा सामने मिळतात. मोठ्या साखळ्यांत त्यांपैकी आठ किंवा नऊ सामने साखळीतल्याच संघांशी खेळावे लागतात. उरलेल्या तीन-चार जागांत एखाद-दोन दुबळ्या संघांना मानधन देऊन आपल्या मैदानावर बोलावले जाते, म्हणजे विजयही पदरात पडतो आणि तिकिटांचा गल्लाही घरात राहतो. मग साखळीबाहेर गेलेल्या जुन्या शेजाऱ्यासाठी जागा उरते ती एक, आणि तो शेजारी तगडा असेल तर दर दोन वर्षांनी त्याच्या मैदानावर जाऊन हरण्याची जोखीम कोणताही प्रशिक्षक हौसेने घेत नाही. 'आम्ही ही परंपरा मोडतो,' असे कोणी जाहीर करीत नाही. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात नाव नसते, इतकेच.

या सगळ्याचे मूळ १९८४ च्या एका निकालात आहे. तोपर्यंत महाविद्यालयीन फुटबॉलचे दूरचित्रवाणी हक्क एनसीएए या राष्ट्रीय संस्थेच्या मुठीत होते आणि एखादा संघ किती वेळा पडद्यावर दिसावा, हेही तीच ठरवी. याविरुद्ध ओक्लाहोमा आणि जॉर्जिया येथील विद्यापीठे न्यायालयात गेली, सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि हक्क विकण्याची वाट मोकळी झाली. पुढे एकेकट्या विद्यापीठापेक्षा साखळीने मिळून सौदा केला तर भाव चढतो, हे सर्वांच्या लक्षात आले आणि ज्याच्या गावात दूरदर्शन संच अधिक, त्याला साखळीत ओढण्याची चढाओढ लागली. 'बिग टेन'चा २०२३ पासूनचा सात वर्षांचा करार सुमारे सात अब्ज डॉलरचा आहे. या दहाच्या साखळीत आज अठरा संघ असून ते न्यू जर्सीपासून लॉस एंजेलिसपर्यंत पसरले आहेत. पॅसिफिक किनाऱ्यावरचे स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया हे दोन संघ २०२४ पासून चक्क अटलांटिक किनाऱ्याच्या नावाने असलेल्या साखळीत खेळतात. भूगोलाच्या शिक्षकांनी यावर काय बोलावे!

निकाल जिंकणाऱ्या ओक्लाहोमाचीच पुढची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच राज्यातील ओक्लाहोमा स्टेट या संघाशी त्याचा पहिला सामना १९०४ साली झाला. त्या दिवशी वाऱ्याने चेंडू उलटा जाऊन थंडगार ओढ्यात पडला, तेव्हा दोन्ही बाजूंचे खेळाडू त्याच्यामागे पाण्यात उतरले आणि ओक्लाहोमाच्या गड्याने चेंडू काठावर आणून गुण मिळवले, असे सांगतात. दोन्ही गावांत अंतर सुमारे एकशे तीस किलोमीटर. एकाच घरात एक भाऊ या विद्यापीठात आणि दुसरा त्या, असे सर्रास. मात्र ओक्लाहोमाने टेक्सससह साउथईस्टर्न साखळीत जाण्याचे ठरवले आणि ४ नोव्हेंबर २०२३ रोजी तूर्त तरी शेवटचा ठरलेला सामना झाला. तो ओक्लाहोमा स्टेटने २७-२४ असा जिंकला. दूरचित्रवाणीच्या ज्या बाजाराचे दार ओक्लाहोमाने १९८४ मध्ये उघडून घेतले, त्याच दारातून एकोणचाळीस वर्षांनी त्याच्या घरचा सामना बाहेर गेला.

नाण्याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. टेक्सस आणि टेक्सस ए अँड एम यांचा १८९४ पासूनचा सामना साखळ्या बदलल्यामुळेच २०११ नंतर तुटला होता, आणि दोघे पुन्हा एका साखळीत आल्यामुळेच ३० नोव्हेंबर २०२४ रोजी जुळला. खेळाडूंनाही आता विद्यापीठाच्या उत्पन्नात थेट वाटा मिळू लागला आहे. ज्यांच्या गुडघ्यांवर हा डोलारा उभा आहे त्यांना पैसे मिळत असतील, तर त्याबद्दल नाक मुरडण्याचा अधिकार गॅलरीत बसणाऱ्याला नाही. तथापि सामना टिकला तरी त्याची तारीख हलली की काय होते, हे वॉशिंग्टन राज्यात दिसले. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन स्टेट यांचा 'ॲपल कप' परंपरेने नोव्हेंबरच्या अखेरीस होत असे, म्हणजे वर्षभराचा हिशेब चुकता करण्याचा तो दिवस. २०२४ मध्ये पॅसिफिकची जुनी साखळी मोडल्यावर तो सप्टेंबरच्या मध्यावर, तेही सिएटलच्या व्यावसायिक संघाच्या स्टेडियममध्ये खेळवावा लागला. चुरस झाली, वॉशिंग्टन स्टेटने २४-१९ असा विजयही मिळवला. पण संक्रांतीचा तिळगूळ श्रावणात वाटल्यासारखा तो प्रकार वाटतो.

आता आपल्याकडे येतो. रणजी स्पर्धेतील विभागवार साखळी २००२-०३ पासून गेली आणि मुंबई-महाराष्ट्र ही दरवर्षीची गाठ गटांच्या नशिबावर सोपवली गेली, हे क्रिकेटप्रेमींना ठाऊक आहे. माझा अनुभव त्याहून लहान मैदानावरचा आहे. बेळगावची महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी संलग्न होती, तोवर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत धारवाडचे एक महाविद्यालय जवळजवळ दरवर्षी आमच्या समोर येत असे. पहाटेच्या गाडीने लोंढामार्गे जायचे, डब्यात किट बॅगांवर बसायचे, आणि हरलो तर येताना खिन्न चेहऱ्याने पेढ्यांच्या दुकानाजवळ थांबायचे. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला आपल्या गावची मिठाई द्यायची, असा दोन्ही संघांतल्या मुलांनीच घातलेला पायंडा होता. आम्ही हरलो की कुंद्याचा डबा, ते हरले की धारवाडी पेढ्यांचा. एका वर्षी आमच्या गोलरक्षकाने शेवटच्या मिनिटाला चेंडू हातातून सोडला. पुढची दोन वर्षे धारवाडची मुले त्याला 'कुंदा' म्हणूनच हाक मारीत आणि तोही ओ देत असे. मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषांतल्या शिव्या दोन्ही संघांना सारख्याच अवगत होत्या, हेही नमूद करतो.

२०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाले. बेळगावला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ही आवश्यकच गोष्ट होती आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एकाच विद्यापीठाच्या कक्षेत होतात. त्यामुळे धारवाडशी असलेली आमची गाठ सुटली. त्यासाठी पर्यायी तारीख ठेवावी, हे कोणालाही सुचले नाही, मलाही नाही. ही चूक माझ्याही पदरात आहे. निवृत्तीच्या वर्षी कपाट आवरताना पेढ्यांचा एक रिकामा पुठ्ठ्याचा डबा सापडला, त्यात जुन्या शिट्ट्या ठेवल्या होत्या.

धारवाड निदान आपल्याच राज्यात आहे. पश्चिमेकडे आणि उत्तरेकडे पाहिले तर तुटलेपण आणखी जुने आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि त्याच जिल्ह्यातील चंदगड तालुका तेवढा वगळून कोल्हापूरकडे गेला. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे, त्यावर येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही. पण खेळापुरते पाहावे: गडहिंग्लज हे फुटबॉलवेडे गाव बेळगावपासून जेमतेम साठ-पासष्ट किलोमीटरवर, म्हणजे ओक्लाहोमातील त्या दोन गावांच्या निम्म्या अंतरावर आहे. तेथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची. त्यांचा विद्यापीठ संघ पश्चिम विभागात खेळतो, आमचा दक्षिण विभागात. दोघांची अधिकृत गाठ पडायची तर दोघांनीही आधी आपापल्या विभागातून अखिल भारतीय फेरी गाठली पाहिजे. तोवर आमची मुले दूर दक्षिणेत सामने खेळून येतात आणि संकेश्वरच्या पलीकडच्या मुलांचा खेळ मोबाइलवर पाहतात.

कॅन्सस आणि मिझुरी आजही एका साखळीत नाहीत, हे मला येथे मुद्दाम सांगायचे आहे. मिझुरी परत आले नाही, कॅन्सस तिकडे गेले नाही. दोन्ही विद्यापीठांच्या क्रीडा विभागांनी साखळीबाहेरच्या मोजक्या जागांपैकी एक जागा एकमेकांसाठी राखली, कराराचा कागद केला आणि सामना झाला. जे त्यांना एवढ्या पैशांच्या गुंत्यातून जमले, ते दोन विद्यापीठांच्या क्रीडा विभागांना न जमण्याचे कारण दिसत नाही.

म्हणून राणी चन्नम्मा, कर्नाटक आणि शिवाजी या तिन्ही विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांना आपल्या पत्रामार्फत माझी विनंती आहे की, विभागीय स्पर्धा संपल्यानंतरचा एखादा रविवार त्यांनी शेजारच्या सामन्यांसाठी कायमचा मुक्रर करावा: एक वर्ष बेळगावात, पुढच्या वर्षी बाहेर. चषक, उद्‌घाटन, पाहुणे, शाली यांची गरज नाही. प्रवासखर्च दोन बसगाड्यांचा. तारीख मात्र हलवू नये, कारण आधी तारीख हलते आणि मग सामना जातो. बेळगाव हरले तर कुंद्याचा डबा मी स्वखर्चाने देईन. धारवाडकरांनी काय आणायचे ते त्यांना ठाऊक आहे, आणि गडहिंग्लजकरांच्या बाजारातली संकेश्वरी मिरचीही आम्हाला चालेल.

आपला,
एक निवृत्त शारीरिक शिक्षण संचालक,
टिळकवाडी, बेळगाव