खोक्यावर चिपचे नाव छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत, खुली संगणक-प्रणाली घालण्याविषयीचा कालच्या पुरवणीतील लेख वाचला. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्यापासून असे लेख वारंवार येतात. चांगली यंत्रे भंगारात जाऊ नयेत, हा त्यामागचा हेतू मला मान्यच आहे. पण ‘लिनक्स कोणत्याही संगणकावर चालते’ एवढे लिहून लेखक मोकळे झाले, याचा राग आला. लिनक्स सुरू होईल हो! पण वायफाय दिसले नाही, बोटाचा ठसा घेतला गेला नाही, झाकण मिटून उघडल्यावर पडदा काळाच राहिला, तर वाचक लिनक्सलाच नावे ठेवणार.

माझेच सांगतो. लॅपटॉपच्या अंगच्या वायफाय कार्डाला लिनक्समध्ये धड ड्रायव्हर (यंत्राचा भाग प्रणालीला ओळखू देणारा प्रोग्राम) नव्हता, म्हणून यूएसबी अडॅप्टर घ्यायचे ठरवले. कोणत्या मॉडेलमध्ये कोणती चिप असते आणि तिचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आहे का, हे सगळे आधी नीट पाहिले. मग तेच मॉडेल, तोच क्रमांक बघून घेतले. लावले, तर ढिम्म. जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारी ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिल्यावर भलताच आयडी (ओळख-क्रमांक) आला. कंपनीने मधल्या काळात आतली चिपच बदलली होती आणि नाव मात्र तेच ठेवले होते! फरकाची खूण एवढीच, की अडॅप्टरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘व्ही ३’, म्हणजे तिसरी आवृत्ती, असे लिहिलेले. खोक्यावर त्याचा उल्लेख नाही, जाहिरातीत तर नाहीच. ग्राहक सेवेचे उत्तर आले, ‘आम्ही फक्त विंडोजला सपोर्ट देतो.’ विक्रेता म्हणाला, वस्तू बिघडलेली नाही, परत घेता येणार नाही. शेवटी कोणा भल्या माणसाने स्वतःच्या वेळात लिहिलेला ड्रायव्हर कंपाइल करून, म्हणजे त्याच्या मूळ कोडपासून स्वतः तयार करून, घातला. कर्नेल अपडेट झाले की तो पुन्हा रुसतो. पूर्ण किंमत मोजणाऱ्या ग्राहकाने हे का सोसायचे?

कंपन्यांना हे जमत नाही असे मुळीच नाही. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपा कशा चालतात हे स्वयंसेवकांना वर्षानुवर्षे उलटे शोधून काढावे लागले. २०१० मध्ये त्याच कंपनीने स्वतः खुला, म्हणजे कोड कोणालाही पाहता येईल असा, ड्रायव्हर दिला. एएमडीने ग्राफिक्स चिपांची तांत्रिक कागदपत्रे २००७ पासून खुली करायला घेतली. ग्राफिक्स चिपाच बनवणाऱ्या एनव्हिडियाला २०१२ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी भर सभेत शिवी हासडली होती, तिनेही २०२२ मध्ये आपली लिनक्ससाठीची कर्नेल मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नेलमध्ये बसणारा भाग) खुली केली. मग वायफाय अडॅप्टरच्या खोक्यावर चिपचे नाव आणि आवृत्ती छापायला कोणाची ना आहे?

लेखात खरे तर हे हवे होते: लॅपटॉप घेण्याआधी विक्रेत्याची परवानगी घेऊन लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे लॅपटॉपवर काहीही न घालता पेनड्राइव्हवरूनच, लिनक्स सुरू करून पाहा. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि झोपवून उठवणे, सगळे तिथेच तपासा. मॉडेलच्या नावावर जाऊ नका, कोलनच्या दोन्ही बाजूंना चार-चार अंक-अक्षरे असलेला चिपचा आयडी शोधा. प्रिंटर घेताना ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ किंवा ‘एअरप्रिंट’ लिहिलेले आहे का बघा, म्हणजे बहुधा वेगळ्या ड्रायव्हरची गरजच पडत नाही. आपल्या वृत्तपत्रातील प्रिंटरांच्या तुलनेत मिनिटाला किती पाने निघतात याचा रकाना होता, या खुणांचा नव्हता. लॅपटॉपच्या तक्त्यांतही प्रोसेसर, रंग, वजन सगळे असते, पण वायफाय कार्ड कोणते हे कधीच नसते. तो एक रकाना वाढवायला किती जागा लागेल?

जाता जाता आणखी एक. याच विषयावरचे माझे मागचे पत्र छापताना नेमके आवृत्ती तपासण्याविषयीचे वाक्य गाळले गेले आणि उरला तो नुसता त्रागा. जागा कमी असेल तर या वेळी टोरवाल्ड्स गाळा, पण ‘व्ही ३’ राहू द्या.

आपला,
एक नियमित वाचक