खुणा एजंटच्या, सही ग्राहकाची

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयुर्विम्याचा दावा नाकारल्याची बातमी आली की चर्चा कंपनीच्या दानतीवर येऊन थांबते. ज्या कागदावर बोट ठेवून दावा नाकारला, तो प्रपोजल फॉर्म (विम्यासाठीचा अर्ज) कोणी भरला आणि भरणाऱ्याच्या पदरात काय पडले, हे कोणी विचारत नाही. पहिल्या तीन वर्षांत आलेल्या मृत्यूदाव्यांचे, म्हणजे ‘अर्ली क्लेम’चे, बरेचसे भांडण त्या फॉर्मपाशीच सुरू होते.

आधी फॉर्म भरणाऱ्या एजंटचे कमिशन. पारंपरिक पॉलिसीवर वर्षानुवर्षे चालत आलेला हिशोब असा : पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर बोनस धरून ३५ टक्क्यांपर्यंत, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, पुढे पाच. वार्षिक हप्ता ५० हजार असेल तर पहिल्या वर्षी साडेसतरा हजार, नंतर दोन वर्षे ३,७५० आणि त्यापुढे अडीच हजार. १ एप्रिल २०२३ पासून विमा नियामक इर्डाईने पॉलिसीच्या प्रकारानुसार असलेल्या मर्यादा काढून टाकल्या. एकूण व्यवस्थापन खर्चाची मर्यादा पाळून दर कंपनीच्या संचालक मंडळाने ठरवायचे. काही कंपन्यांनी त्यानंतर पहिल्या वर्षीचा दर उतरवून पुढचा थोडा वाढवला, पण मोठा घास अजून पहिल्याच वर्षी आहे. त्यामुळे बंद पडलेली पॉलिसी चालू करून देण्यापेक्षा नवी गळ्यात मारणे एजंटला कितीतरी परवडते. ग्राहकाची ‘अर्ली क्लेम’ची तीन वर्षांची मोजणी मात्र नव्या पॉलिसीतही पहिल्या दिवसापासून सुरू होते.

आता फॉर्म पाहा. गेल्या पाच वर्षांत आठवड्याहून जास्त उपचार लागलेला आजार झाला का, कधी रुग्णालयात दाखल होता का, आजारपणामुळे कामावर गैरहजर होता का, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे का, आधीच्या पॉलिसी किती, असे प्रश्न ओळीने असतात. एका जागी ‘होय’ लिहिले की डॉक्टरांची प्रश्नावली, रक्ततपासणी, ईसीजी आणि कदाचित जादा हप्ता आला. पंधरा दिवस गेले, तेवढ्यात गिऱ्हाईक थंड पडते. सगळीकडे ‘नाही’ असेल आणि वय व विमा रक्कम मर्यादेत बसत असेल, तर पॉलिसी ‘नॉन-मेडिकल’मध्ये, म्हणजे वैद्यकीय तपासणीविना, झटपट निघते. मार्चअखेरीस भरलेले फॉर्म चाळावेत : ‘नाही’च्या रकान्यात वरून खालपर्यंत एकाच झटक्यात, एकाच पेनने मारलेल्या खुणा, खाली दुसऱ्याच शाईतली ग्राहकाची सही. बँकेच्या काउंटरवर गृहकर्जासोबत चिकटवलेल्या विम्याची गत याहून वेगळी नसते.

पारखून घेण्याचे काम विकताना टळते आणि माणूस गेल्यावर सुरू होते. मृत्यूची तारीख तीन वर्षांच्या आत दिसली की फाइल तपासाला जाते. घराजवळच्या रुग्णालयांतले केसपेपर, नोकरीच्या ठिकाणचा वैद्यकीय रजेचा तपशील, आरोग्य विम्याचे जुने दावे आणि दुसऱ्या कंपन्यांतल्या पॉलिसी धुंडाळल्या जातात. सर्वात घातक ठरते ती दाखल करतानाची नोंद. गडबडीत पुतण्या सांगतो, ‘काकांना बरीच वर्षे शुगर आहे’, निवासी डॉक्टर लिहितो ‘मधुमेह, ५ वर्षे’. पुढे तेच वाक्य दावा नाकारण्याच्या पत्रात उतरते. माहिती देणाऱ्याचे नाव त्या नोंदीत बहुतेक वेळा नसते. अशा नोंदीला आधीच्या उपचारांचे कागद किंवा डॉक्टरांचे प्रतिज्ञापत्र यांचा आधार नसेल, तर ग्राहक आयोगांनी अनेकदा ती पुरेशी मानलेली नाही. वारसांनी पहिला वार इथेच करावा.

विमा कायदा, १९३८ चे कलम ४५ मुळातून वाचण्यासारखे आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर तीन वर्षे उलटली की कोणत्याही कारणाने पॉलिसीवर शंका घेता येत नाही. मात्र ही तीन वर्षे पॉलिसी दिल्याची तारीख, जोखीम सुरू झाल्याची तारीख, रिव्हायव्हल (बंद पॉलिसी पुन्हा चालू करणे) आणि रायडर (पॉलिसीला जोडलेले जादा संरक्षण) यांपैकी जी तारीख सर्वात नंतरची, तिथून मोजतात. दहा वर्षे हप्ते भरलेला माणूस सहा महिने चुकला, प्रकृती उत्तम असल्याच्या छापील निवेदनावर सही करून त्याने पॉलिसी चालू केली आणि वर्षभरात गेला, तर त्याचा दावाही अर्लीच. हे निवेदनही ‘इथे सही करा’ म्हणूनच पुढे येते. तीन वर्षांच्या आत दावा नाकारायचा तर कारणे आणि पुरावे लेखी द्यावे लागतात. दडवलेली गोष्ट जोखमीशी थेट संबंधित हवी, आणि ती कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीने दाखवायचे. फसवणुकीचा आरोप नसेल, तर भरलेले हप्ते ९० दिवसांत परत करावे लागतात. नेमके याच कारणाने काही पत्रांत साध्या चुकीलाही ‘फसवणूक’ म्हटलेले आढळते. तो शब्द आला की हप्तेही गेले, आणि विमेदार हयात नसल्याने आरोप खोडण्याची जबाबदारी वारसांवर येते.

याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की विम्याची बोलणी करून करार घडवणारी व्यक्ती करारापुरती कंपनीचीच एजंट मानली जाईल. दुसरीकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले की न वाचता सही केली ही सबब सहसा चालणार नाही. त्या खटल्यातली पॉलिसी २००९ ची, दुरुस्तीआधीच्या जुन्या कलमाखालची होती. एजंटला खरे सांगितले आणि त्याने ‘नाही’ लिहिले, असे असेल तर वारसांनी स्पष्टीकरणावर जरूर बोट ठेवावे, पण भिस्त सगळी त्यावर नको. शिवाय कंपन्यांची बाजूही आहे. मरणासन्न माणसाच्या नावावर पॉलिसी काढणाऱ्या टोळ्या खरोखर असतात, आणि त्यांना एजंटची साथ लागतेच.

पॉलिसीचा बॉण्ड हातात आला की सोबतची प्रपोजलची प्रत वाचावी. ३० दिवसांच्या फ्री-लुकमध्ये, म्हणजे पॉलिसी वाचून नको असल्यास परत करण्याच्या मुदतीत, चुकलेले उत्तर लेखी कळवून पोच घ्यावी, जादा हप्ता लागला तरी चालेल. मृत्यूनंतर सर्व कागदपत्रे पोच घेऊनच द्यावीत, कारण तपास न लागणारा दावा १५ दिवसांत आणि लागणारा ४५ दिवसांत निकाली काढण्याचे बंधन इर्डाईने २०२४ मध्ये घातले आहे. हप्ते परत करताना ‘पूर्ण व अंतिम’ अशी पावती पुढे केली, तर ‘हक्क राखून’ असे लिहून सही करावी. नकाराविरुद्ध आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जावे. महिनाभरात समाधान झाले नाही, तर ५० लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी विमा लोकपालाकडे (विमा तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

इर्डाईकडे मागणी एवढीच. पहिल्या वर्षीच्या कमिशनचा निम्मा भाग तीन वर्षे रोखून ठेवावा. जाहिरातीतल्या दावे दिल्याच्या टक्केवारीत पंधरा वर्षे जुन्या पॉलिसींचे सरळसोट दावेही मिसळलेले असतात, म्हणून अर्ली क्लेमचे आकडे एजंट, बँक, ऑनलाइन असे विक्रीमार्गानुसार वेगळे छापावेत. एजंट प्रपोजलसोबत ग्राहकाची प्रकृती आणि उत्पन्न याबद्दल कंपनीला गोपनीय अहवाल देतो. दावा नाकारण्याच्या पत्राला त्याची प्रत जोडणे सक्तीचे करावे.

आपला,
दावे विभागातील एक निवृत्त अधिकारी