घाटातली एसटी आणि हातातला गेम

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

परीक्षा उरकल्या की कोल्हापुरातून कोकण, गोवा, पुणे, मुंबई अशा चारी दिशांना कुटुंबे निघतात. मध्यवर्ती बसस्थानकावर पाय ठेवायला जागा नसते. या गर्दीत बहुतेक मुलांच्या हातात मोबाइल असतो, काहींच्या हातात निन्टेंडो स्विच किंवा स्टीम डेकसारखे हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून गेम खेळायचे यंत्र. त्यावरून घरोघरी एकच वाद चालतो, द्यायचा की नाही. द्यायचे ठरले तर कोणता गेम, कोणत्या रस्त्यावर आणि काय तयारी करून, हे मात्र कोणी सांगत नाही. गेम बनवणे हा आमचा व्यवसाय आहे, म्हणून हे सांगणे आमच्याकडे लागते. प्रवासातला गेम घरच्या गेमपेक्षा वेगळा निवडावा लागतो आणि बनवणाऱ्यानेही तो वेगळा बनवावा लागतो, एवढेच आमचे म्हणणे आहे.

सुरुवात गाडी लागण्यापासून करतो, कारण सगळ्यात जास्त हाल त्यानेच होतात. आतल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा मेंदूला सांगते की शरीर हलते आहे, वळते आहे. डोळे मात्र मांडीवरच्या स्क्रीनवर खिळलेले असतात आणि ते सांगतात की काहीच हलत नाही. या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की तोंडाला पाणी सुटते, घाम येतो, मळमळते. २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. गेममध्ये रेसिंग असेल किंवा पात्राच्या डोळ्यांतून दिसणारी धावपळ असेल, तर डोळ्यांना तिसरीच गती दिसते. गाडी उजवीकडे वळते, गेममधली मोटार डावीकडे. मग उलटी व्हायला वेळ लागत नाही.

त्यामुळे प्रवासाला कॅमेरा स्थिर असलेले, म्हणजे स्क्रीनवरचे दृश्य फिरत नाही असे, आणि एकेक चाल विचार करून खेळायचे गेम निवडावेत. बुद्धिबळ, लुडो, सुडोकू, पत्ते, शब्दकोडी, ठोकळ्यांची कोडी, सावकाश चालणारी शेती किंवा गाव वसवण्याचे गेम चालतात. यांत नजर दोन सेकंद वर उचलून खिडकीबाहेर टाकली तरी काही बिघडत नाही, आणि ती टाकायलाच हवी. धावपळीचाच गेम हवा असेल तर सेटिंगमध्ये जाऊन कॅमेरा शेक (दृश्य हादरणे), हेड बॉब (चालताना दृश्य वरखाली होणे) आणि मोशन ब्लर (वेगात दृश्य पुसट होणे) ही तीन बटणे बंद करावीत. फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या दृश्याची रुंदी, बदलता येत असेल तर तो थोडा वाढवावा, कारण अरुंद दृश्य जोरात फिरले की डोके गरगरते. आयफोनवर आयओएस १८ पासून सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, मोशन या वाटेने गेले की ‘व्हेइकल मोशन क्यूज’ सापडते. ते चालू केले की स्क्रीनच्या कडेला ठिपके दिसतात, गाडी वळली की तेही सरकतात आणि डोळ्यांना गाडीच्या हालचालीचा अंदाज येतो. सगळ्यांना सारखा फायदा होत नाही, पण करून पाहण्याजोगे आहे.

घाटात मात्र गेम बंद. यात तडजोड नको. रत्नागिरीला जाताना आंबा गाव आले की उपकरण पिशवीत ठेवावे आणि साखरपा गेल्यावर काढावे. गगनबावड्याहून करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरतानाही तेच, आंबोलीतही तेच. एसटीत शक्यतो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली सीट धरावी. मागच्या चाकांपलीकडच्या सीटवर धक्के आणि झोले दोन्ही जास्त. कोपर बॅगेवर टेकवून स्क्रीन डोळ्यांच्या जवळपास उंचीला धरला तर मान खाली जात नाही आणि कडेने बाहेरचे दिसत राहते. मळमळ सुरू झाली की ‘एवढी लेव्हल संपवतो’ हे ऐकू नये. खेळ थांबला तरी त्रास लगेच थांबत नाही, चांगला वेळ रेंगाळतो, म्हणून पहिल्या जांभईला, पहिल्या घामालाच थांबायचे. रेल्वेत हा प्रश्न बराच कमी असतो, वळणे सौम्य असतात.

आता बॅटरी. पॉवर बँकेवर २०,००० एमएएच लिहिलेले असते आणि लोक फोनच्या ५,००० ने भागून चार वेळा चार्ज होईल असे धरतात. तसे होत नाही. आतला सेल साधारण ३.७ व्होल्टचा असतो, म्हणजे २० अँपिअर-अवर गुणिले ३.७, एकूण ७४ वॅट-अवर, म्हणजे साठलेली ऊर्जा. व्होल्टेज वाढवताना आणि केबलमध्ये काही वीज उष्णता होऊन जाते, हातात येतात साधारण ६०. फोनची बॅटरी १९ वॅट-अवरच्या आसपास, म्हणजे तीन वेळा. स्टीम डेकच्या पहिल्या मॉडेलची बॅटरी ४० वॅट-अवरची, ओलेड मॉडेलची ५०, म्हणजे एकदा पुरते आणि थोडे उरते. कंपनीच पहिल्या स्टीम डेकसाठी २ ते ८ तास असा मोठा पल्ला सांगते. जड गेम पूर्ण ताकदीने चालवला तर दोन तासांत संपते. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, ३० किंवा ४० वर बांधला, ब्राइटनेस निम्म्यावर आणला आणि वायफाय बंद केले तर तीच बॅटरी कितीतरी जास्त टिकते. सहा इंची, सात इंची स्क्रीनवर ६० आणि ४० फ्रेममधला फरक हलत्या गाडीत फारसा जाणवतही नाही.

पॉवर बँक किती एमएएचची यापेक्षा ती किती वॅट देते हे आधी पाहावे. स्टीम डेकचा स्वतःचा चार्जर ४५ वॅटचा आहे. १० वॅट देणारी जुनी पॉवर बँक लावून जड गेम खेळला तर चार्जिंगचे चिन्ह दिसते आणि टक्के मात्र उतरत राहतात. केबल दोन्ही टोकांना सी-टाइप असलेलीच घ्यावी. एका टोकाला जुनी चौकोनी ए-टाइप पिन असेल तर पॉवर डिलिव्हरी पद्धतीचे जलद चार्जिंग होतच नाही, पॉवर बँक कितीही महाग असो.

रेल्वेच्या डब्यातल्या सॉकेटला ११० व्होल्ट मिळतात. चार्जरवर बारीक अक्षरात ‘१०० ते २४०’ लिहिलेले असेल तर निर्धास्त लावावा. अडचण सॉकेट सैल झाल्याची असते. जड चार्जर गाडीच्या धक्क्याने निसटतो आणि रात्रभर लावलेला फोन सकाळी मेलेला सापडतो. म्हणून हलका, लहान चार्जर न्यावा. शिवाय आगीचा धोका टाळण्यासाठी अनेक गाड्यांत रात्री ११ ते पहाटे ५ चार्जिंगची वीज बंद ठेवतात. महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला निघणाऱ्यांनी बर्थवर बसल्या बसल्या चार्जर लावावा, जेवण झाल्यावर नव्हे. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून जाणार असाल तर पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकू नये, ती जवळच्या बॅगेतच न्यावी लागते. १०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी विमान कंपनीची संमती लागते. २०,००० ची बँक ७४ वॅट-अवरची, म्हणजे चालते.

उन्हाचे काय होते तेही सांगायला हवे. निन्टेंडोने स्विच वापरण्यासाठी ५ ते ३५ अंश तापमान सांगितले आहे. मे महिन्यात दुपारी उभ्या केलेल्या मोटारीत याच्या कितीतरी वर पारा जातो, तेव्हा कोणतेही उपकरण डॅशबोर्डवर सोडून जेवायला उतरू नये. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो आणि गेम अडखळू लागतो. लोक गेमला दोष देतात. कव्हर काढावे, चार्जिंग आणि खेळणे एकाच वेळी करू नये, उन्हाच्या बाजूची खिडकी सोडावी. खिडकीशी दुसरा त्रास म्हणजे काचेसारखा चकाकणारा स्क्रीन. १९८९ च्या गेम बॉयला मागून प्रकाश नव्हता, म्हणून उन्हात तो उलट जास्त स्पष्ट दिसे आणि चार पेन्सिल सेलवर तासन्‌तास चाले. तो घडवणारे गुनपेई योकोई यांना हातात मावणाऱ्या गेमची कल्पनाच प्रवासात सुचली असे सांगितले जाते. बुलेट ट्रेनमध्ये कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत बसला होता, त्यावरून १९८० चा गेम अँड वॉच हा खिशात मावणारा गेम निघाला. हँडहेल्ड गेमची मुळे प्रवासात आहेत आणि आज आम्ही गेम बनवणारे नेमके तेच विसरतो, याचे वाईट वाटते.

नेटवर्कबद्दल एक साधी चाचणी पुरते. आदल्या रात्री घरी फोन एअरप्लेन मोडवर टाकून गेम उघडावा. उघडला, खेळता आला, तर प्रवासात चालेल. लॉगिन मागितले की तो गेम बाद. स्टीम डेकवर आधी अपडेट पूर्ण करावे, गेम एकदा सुरू करून पाहावा, क्लाउड सेव्ह, म्हणजे नेटवर साठवलेली खेळाची प्रगती, जुळल्याची खात्री करावी आणि मगच ऑफलाइन मोड चालू करावा. घरच्या संगणकावरचा सेव्ह न जुळवता निघालात तर परतल्यावर दोनपैकी कोणता ठेवायचा असे यंत्र विचारते आणि घाईत चुकीचा निवडला जातो. तारीख-वेळ वाचूनच बोट लावावे. बीजीएमआयसारखे (चौघांच्या संघाने खेळायचा लढाईचा गेम) ऑनलाइन सामने गाडीत सुरूच करू नयेत. धावत्या गाडीत फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर जात राहतो, बोरघाटातल्या बोगद्यांत तर सिग्नलच तुटतो, आणि भोगावे बरोबरच्या तीन खेळाडूंना लागते.

आता आमच्या व्यवसायबंधूंसाठी. कोल्हापुरातही तरुण मुले घरबसल्या मोबाइल गेम बनवू लागली आहेत, त्यांनी हे जरूर वाचावे. प्रवासात गेम कधीही तुटतो. फोन येतो, टीसी तिकीट मागतो, उतरायचे ठिकाण येते. अँड्रॉइडला मेमरी कमी पडली की मागे गेलेला गेम अँड्रॉइड न सांगता मारून टाकते, गेम बंद होताना चालणारे ‘ऑनडिस्ट्रॉय’ बोलावले जाईलच याची हमी नाही. म्हणून गेम मागे जाताना, म्हणजे ‘ऑनपॉज’ला, सेव्ह करून मोकळे व्हावे. युनिटी या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ‘ऑनॲप्लिकेशनपॉज’ आहे. तेवढ्याने भागत नाही. जुन्याच फाइलवर नवीन मजकूर लिहीत असताना गेम मारला गेला तर फाइल अर्धवट राहते आणि खेळाडूची महिन्याची मेहनत जाते. आधी वेगळ्या तात्पुरत्या फाइलमध्ये लिहावे, ते डिस्कवर पूर्ण उतरल्याची खात्री करावी आणि मग तिला मूळ फाइलचे नाव द्यावे. नाव बदलणे एकतर पूर्ण होते किंवा होतच नाही, अर्धे राहत नाही. आधीची एक प्रत बाजूला ठेवावी, उघडताना फाइल खराब निघाली तर ती वापरता येते. आणि खेळाडू परत आला की गेम थेट धावता सुरू करू नये, थांबलेल्या अवस्थेत उघडावा.

बटणांचेही तसेच. अँड्रॉइडच्या मार्गदर्शक नियमात बोटासाठी किमान ४८ डीपी (स्क्रीनवरच्या आकाराचे एकक), म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर जागा सांगितली आहे. ती स्थिर बसलेल्या माणसासाठी. एसटीत अंगठा दोन-चार मिलिमीटर सहज हुकतो, म्हणून ६० डीपीच्या वर जावे, ‘विक्री करा’ आणि ‘रद्द करा’ ही बटणे शेजारी ठेवू नयेत आणि शेवटची चाल मागे घेण्याची सोय द्यावी. उभा फोन एका हाताने खेळता आला पाहिजे, दुसरा हात दांडीला असतो. हे सगळे ऑफिसच्या खुर्चीत कळत नाही. कोल्हापूर-पन्हाळा एसटीत तपासावे. वीसेक किलोमीटरच्या या मार्गावर ऊन, चढ, वळण, खड्डा सगळे मिळते.

आवाजाबद्दल थोडक्यात. ब्लूटूथमध्ये आवाज शे-दोनशे मिलिसेकंद मागे राहतो, तालावर खेळायच्या गेमला वायरचाच हेडफोन लागतो. स्पीकरवर गेम लावून शेजाऱ्याची झोप मोडू नये. रेल्वेत रात्री १० नंतर मोठ्या आवाजाला मनाईच आहे.

रेल्वे आणि एसटी प्रशासनाला एक विनंती आहे. डब्यातले, बसमधले सॉकेट चालू आहेत की नाहीत हे सुट्टीपूर्वी तपासावे आणि वीज बंद राहण्याची वेळ सॉकेटजवळ मराठीत ठळक लिहावी. गेम बनवणाऱ्यांकडे मागणी अशी की स्टोअरवरच्या वर्णनात पहिल्या चार ओळींतच लिहावे: नेटशिवाय चालतो का, सेव्ह कुठे राहतो, एक डाव किती मिनिटांचा, कॅमेरा हलणे बंद करता येते का.

आपले नम्र,
गेम डेव्हलपर मित्रमंडळी
राजारामपुरी, कोल्हापूर