पोरगी जेवली का बघितलं, कशी आहे ते विचारलंच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी गेली चौदा वर्षं विद्यापीठाच्या बाजूला मेस चालवते. चाळीसेक पोरंपोरी जेवायला असतात, कुणी भात ठेवला, कुणी आमटीला हात लावला नाही, कुणाचं घरी काहीतरी बिनसलंय, हे मला ताट बघून कळतं. आणि माझ्याच घरात माझी लेक दोन वर्षं जेवणाशी झगडत होती ते मला कळलं नाही. म्हणून हे पत्र. तिला विचारून लिहितेय आणि तिनं वाचल्यावरच पाठवतेय.

"मी नंतर जेवतो, मी मैत्रिणीकडं जेवलोय" असं तिचं सारखं चालायचं (आमच्या कोल्हापुरात पोरी असंच बोलतात, बाहेरच्यांना वेगळं वाटेल). अभ्यासाचं टेन्शन असेल म्हणून मी सोडून द्यायची. मग त्या दिवाळीला ऑर्डरसाठी केलेल्या चकल्या आणि शंकरपाळीचा मोठा डबा सकाळी बघितला तर अर्धा रिकामा, आणि मी संशय घेतला तो भांडी घासायला येणाऱ्या मावशींवर, नंतर त्यांची माफी मागितली पण ती गोष्ट मनातनं जात नाही. जेवण झालं की बाथरूमचा नळ धो धो सुरू, पंधरा पंधरा मिनिटं. गादीखाली बिस्किटाच्या पुड्यांचे कागद, एकदम बारीक घडी करून ठेवलेले. एवढं सगळं समोर असून मी काय केलं तर पाणी वाया घालवते म्हणून ओरडले.

डॉक्टर झाले नाहीत असं नाही हो. ॲसिडिटी म्हणून एकाकडं, पाळी चुकते म्हणून दुसरीकडं, दात शिवशिवतात म्हणून दातांच्या डॉक्टरांकडं, तिथं विचारलं की आंबट फार खाते का. वजन मापात, मग हिला काय होणार असं सगळ्यांचं म्हणणं. त्यातच एका ओळखीच्या बाईंनी वजन कमी करायच्या सेंटरला नेलं आणि तिथं चार्ट मिळाला, सकाळी जिऱ्याचं पाणी, संध्याकाळी सातनंतर काही नाही, भाकरी बंद, भात बंद. आता कळतंय की तो चार्ट म्हणजे आगीत तेल होतं. पोरगी दिवसभर उपाशी, रात्री ताबा सुटायचा, मग स्वतःची किळस, मग उलटी, आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून परत उपास. शेवटी बिंदू चौकात चक्कर येऊन पडली तेव्हा रक्तातलं पोटॅशियम फार कमी निघालं, त्यानं हृदयाचे ठोके चुकतात आणि जीवावर बेतू शकतं असं सांगितलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि तिला हळू आवाजात विचारलं, जेवल्यावर उलटी काढतेस का बाळा? दोन वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा कुणीतरी विचारला.

या आजाराला बुलिमिया म्हणतात, १९७९ पासून वैद्यकशास्त्रात त्याला नाव आहे. यात वजन बऱ्याचदा नॉर्मलच असतं म्हणून कुणाला कळत नाही. उलटी न काढता नुसतंच ताबा सुटून खाणं होतं, त्याला बिंज ईटिंग म्हणतात आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत तो वेगळा आजार म्हणून आला. म्हणजे ही लाडाकोडाची थेरं नाहीत, आमच्याच एका नातेवाईकांनी हा शब्द वापरला होता म्हणून लिहितेय.

मग काउन्सेलिंग सुरू झालं. आठवड्यातनं एकदा, तासभर. मला वाटलेलं बाई समजावून सांगतील, नीट खा म्हणतील, आणखी एक चार्ट देतील. त्यांनी चार्ट दिलाच नाही. एक साधी वही दिली, कधी खाल्लं, कुठं बसून खाल्लं आणि त्याआधी मनात काय चाललेलं एवढंच लिहायचं. आणि दर तीन चार तासांनी ठरल्या वेळी खायचंच, भूक असो नसो, आदल्या रात्री काहीही झालेलं असो. त्यांनी आम्हाला एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात बसली. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटाला ३६ धडधाकट तरुणांना सहा महिने साधारण अर्ध्या खाण्यावर ठेवलेलं, तर त्या पोरांच्या डोक्यात दिवसरात्र फक्त जेवण, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, आणि परत खायला मिळाल्यावर कितीतरी जणांना थांबताच येईना. म्हणजे माझी पोरगी हावरट नव्हती, उपाशी होती. हे ऐकून ती तिथंच रडली आणि मी पण.

वहीतनं पुढं जे निघालं ते मला जड गेलं. वाईट रात्री कुठल्या तर पाहुणे येऊन "जरा अंगानं भरलीस गं" म्हणून गेलेल्या, निकालाच्या, आणि सगळ्यात जास्त, माझं आणि तिच्या बाबांचं भांडण झालेल्या. जेवण हा वरचा त्रास होता, खाली बाकीचं सगळं साचलेलं. चौथ्या का पाचव्या वेळी आम्हा दोघांना पण बोलावलं आणि सांगितलं, तिच्या ताटाबद्दल आणि अंगाबद्दल एक शब्द बोलायचा नाही, चांगला पण नाही. किती अवघड आहे हे आपल्या गावात! आपल्यात आग्रह केला नाही तर पाहुण्याला अपमान वाटतो, "घे की अजून एक भाकरी" म्हणणारी आजीच दोन मिनिटांनी "आता बारीक हो, बघायला येतील" म्हणते आणि तिचं प्रेम दोन्हीकडं खरंच असतं. आजींना समजवायला मला दोन महिने लागले. आता त्या नातीला तब्येतीचं नाही, कॉलेजचं विचारतात.

पोरींचंच आहे असं पण नाही. माझ्या मेसमध्ये तालमीतली पोरं येतात, वजनी गटात बसायला दोन दोन दिवस पाण्याचा घोट पण मोजून, आणि कुस्ती झाली की पोटात दुखेपर्यंत खातात. जिमची पोरं रस्सा बाजूला सारून नुसतं चिकन धुऊन मागतात. सगळीच आजारी असतील असं मी म्हणत नाही. पण एकाला विचारलं बरा आहेस ना, तर भरल्या ताटावर डोळे भरून आले त्याचे.

ज्यांच्या घरी असं काही असेल त्यांच्यासाठी लिहिते. टेली-मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची फोनवरची मदत, तिचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, २४ तास चालतो, मराठीत बोलता येतं, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चक्कर, धडधड, सारख्या उलट्या असतील तर थांबू नका, आधी हॉस्पिटल, रक्त आणि ईसीजी, काउन्सेलर आणि डॉक्टर दोन्ही लागतात. काउन्सेलरला त्याचं शिक्षण आणि रजिस्ट्रेशन बिनधास्त विचारा, नुसता बोर्ड बघून जाऊ नका. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायचंय, त्यामुळं पॉलिसी काढून बघा.

आपल्याला एक विनंती आहे. आपल्या पुरवणीत वजन कमी करायचे लेख नेहमी येतात, त्याच पानावर खाली एका चौकटीत हा १४४१६ नंबर छापा ना. माझी लेक तो लेख कापून कपाटाच्या दाराला आतनं चिकटवायची, नंबर असता तर तो पण चिकटला असता. आणि इथल्या कॉलेजांनी आठवड्यातनं दोन दिवस तरी शिकलेला काउन्सेलर बसवावा, ऑफिसच्या शेजारी नको, पोरांना सगळ्यांदेखत आत जायला लाज वाटते.

ती पूर्ण बरी झालीय असं नाही, महिन्यातनं एखादी रात्र वाईट जाते, पण आता ती मला उठवते. मागच्या रविवारी मटण केलेलं. पांढरा रस्सा, भाकरी, भात सगळं घेतलं तिनं आणि जेवण झाल्यावर उठली नाही, उष्टा हात वाळेपर्यंत तिथंच बसून कॉलेजच्या गप्पा मारत होती. नळाचा आवाज आला तो फक्त हात धुण्याचा.

नाव छापू नये. लेकीनंच सांगितलंय, मला ज्या दिवशी वाटेल त्या दिवशी मी स्वतः सांगेन म्हणून.

आपली,
एक मेसवाल्या काकू, कोल्हापूर